तात्या, काकूचा सौदा जुळवलाय

प्रिय तात्या,

राम राम. आधी तुमच्या नंबरवर फोन लावून बघितला. तो नंबर आता शिरूरकडच्या कुणा पावण्याला मिळालाय. "तात्या हायेत का?" म्हणलं, तर "न्हाईत" म्हणाला. बरोबरच बोलला गडी. म्हणून कागद घेतला. माझं अक्षर तुमाला लागायचं न्हाई, पण तुमाला तरी आता कुठं घाई हाय.

लिवायचं कारण आसं, की काल मी जल्मातला पयला सौदा जुळवला. बैलाचा न्हाई, काकूचा. एका बाजूला काकू, दुसऱ्या बाजूला तुमचा विलास, मधी मी. तुमी बेल्ह्याच्या बाजारात आयुष्यभर जनावरांची दलाली केली, आन मी सगळी पद्धत तुमचीच वापरली. तवा तुमाला कळवायला नको का?

पण त्याच्या आधी तुमचं एक भांडण काढतो. लई दिवस पोटात हाय.

तुमाला दम लागाय लागला, तवा विलासदादानं पुण्यावरनं सामान पाठवलं व्हतं, आठवतं? बीपीचं मशीन, साखर बघायचं यंत्र आन बोटाला लावायचा ऑक्सिजनचा चिमटा. हितं आकडा उठला की तो डॉक्टर मॅडमच्या आन दादाच्या, दोघांच्या मोबाईलवर एकदमच जायचा. काकू चिमटा बघून म्हणली, "कपडे वाळत घालायला एकच पाठवला? डझनभर तरी घ्यायचे." आन तुमी म्हणला, "खोडदच्या दुर्बिणीच्या एवढाल्या तबकड्या आभाळातलं ऐकत्यात म्हणं. त्यांना माझा दम ऐकू येत न्हाई, आन ह्या चिमट्याला येणार व्हय?"

महिन्यातनं एकदा मॅडम मोबाईलवर तपासायच्या. मोबाईल धरायचं काम माझं. आपल्या गल्लीत तरणा मीच उरलोय ना. बाकी सगळी पोरं चाकण, भोसरी, हिंजवडी. आजबी मोबाईलच्या दुकानावर जायच्या आधी मी दारोदार फिरतो. कुणाचा ओटीपी, कुणाचा रिपोर्ट उघडून दे, कुणाला सुनेशी व्हिडिओ लावून दे. म्हातारी माणसं मला कंपाउंडर म्हणत्यात. दहावीला दोनदा बसलेलं पोरगं शेवटी मेडिकल लाईनला लागलं, बघा.

तर पयल्या व्हिडिओच्या दिवशी तुमी काय केलं? न्हाव्याला घरी बोलवलं. इस्त्रीचं धोतर, गुलाबी फेटा. आन सकाळपासनं खुर्चीत बसून, हालायचं न्हाई, बोलायचं न्हाई, सगळा दम साठवून ठेवलेला. मी म्हणलं, "तात्या, डॉक्टर बघायला येतीय, सोयरीक न्हाई."

"गप ऱ्हा," तुमी म्हणला. "बाजारात न्यायचं जनावर धुऊन-पुसूनच नेत्यात."

मॅडम दिसल्या. "बाबा, दम लागतो का?"

"छ्या."

"झोप लागते का?"

"घोरतो मी. हिला इचारा."

"पायांना सूज वगैरे?"

"कसली सूज, बाई. आजून बैलामागं पळतो."

मॅडम हसल्या. त्यांचं काय चुकलं? मोबाईलात फेट्यापासनं छातीपर्यंतच दिसत व्हतं, आन तेवढा माल एक नंबर व्हता.

पण स्टँडवरनं घरी येताना तुमी चपलेतला खडा काढायच्या निमित्तानं किती ठिकाणी थांबता, ते मी बघत व्हतो. एवढे खडे बेल्ह्याच्या रस्त्याला न्हाईत. मी मोबाईल खाली केला, सरळ पायावर. तुमी धोतर ओढलं, पण तवर मॅडमनी बघितलं व्हतं. म्हणाल्या, "बोटानं दाबा जरा तिथं." मी दाबलं. खड्डा पडला, आन तो भरंना.

"आजच्या आज नारायणगावला दाखवा," मॅडम म्हणाल्या. त्यांचं हसू गेलं व्हतं.

मोबाईल बंद झाल्यावर तुमी म्हणला, "जनावराचा दोष मालक सांगत नसतो, पक्या. घेणाऱ्यानं हेरायचा."

"मंग हेरला की तिनं," मी म्हणलं.

तुमी चप्पल फेकली. नेम चुकला. तुमचा नेम चुकला, म्हणजे दम खरंच लागत व्हता.

पाय दाखवले त्याची मला लाज न्हाई तात्या, आजबी न्हाई. गोळ्यांनी अंगातलं पाणी उतरलं आन तुमी परत बाजारात उभं राहिला. गोळीच्या टायमाला तुमच्या खिशात बैल हंबरायचा, ते मीच मोबाईलात बसवलं व्हतं. बाजारात तो हंबरला की खरे बैल माना वळवून बघायचे. मंचरकडच्या एका शेतकऱ्यानं तर खिशातल्याची किंमत इचारली व्हती. तुमी त्यालाबी भाव सांगितला. त्या दिवशी तुमी लई खुशीत व्हता.

मंग थंडीत चिमट्याचा आकडा खाली यायला लागला. तिकडं दादाच्या मोबाईलवर तो लाल दिसायचा. दादा गाडी घेऊनच आला. "हितं कोण बघणार? पुण्यात सगळं जवळ आहे," म्हणाला. आन तुमी उठून गाडीत बसला, मागनं ट्रंक घेऊन काकूबी.

हेच माझं भांडण. पयल्या भावाला कधी व्हय म्हणायचं न्हाई, हे तुमी मला शाळेत घालायच्या आधी शिकवलं. बाजारात दोघांच्या हातावर रुमाल टाकून आतल्या आत बोटं दाबत तासतासभर भाव ओढायचा तुमी. दुसऱ्याच्या बैलासाठी एवढं केलं, आन सोताच्या येळंला एक शब्द काढला न्हाई? "दोन दिवसांनी बघू" एवढं म्हणायला काय झालं व्हतं?

दादाला मी नावं ठेवत न्हाई. त्यानं चांगल्यात चांगला दवाखाना बघितला. वहिनीनं तुमच्यासाठी आळणी भाजी येगळी केली. पण फ्लॅटचा सातवा मजला तो सातवा मजला. तुमी रोज दुपारी व्हिडिओ लावायचा आन म्हणायचा, "माझं तोंड काय बघतोस, गोठ्याकडं फिरव." एकदा म्हणला, "त्या तांबड्या कालवडीला चालव जरा." चालवली. "मागचा डावा पाय उचलून बघ." बघितला, तर खुरात खिळा. पुण्यात बसून बेल्ह्यातला खिळा काढला तुमी. मी म्हणलं, "आता तुमीच ऑनलाईन डॉक्टर व्हा." तुमी हसला, आन म्हणला, "बंद करू नको. ऱ्हाऊ दे तसंच." मी मोबाईल गव्हाणीला टेकवून कामाला लागायचो. परत येऊन बघावं तर तुमी तिकडं चालूच. कधी कधी डोळा लागलेला असायचा.

तिथंच गेला तुमी. हाताला मशीनचा पट्टा व्हता, शेवटपर्यंतचे आकडे सगळ्यांच्या मोबाईलवर आले. दादा म्हणाला, आपण काय कमी केलं न्हाई. खरंच न्हाई केलं.

काकू तेराव्यानंतर बेल्ह्याला आली, ती आल्या आल्या ट्रंक रिकामी करून पलंगाखाली ढकलली. सगळ्यांना कळलं.

आता तुमचं सामान ती वापरती. साखर तिलाबी हाय. तिचे आकडे बघून दादा मला म्हणायचा, "बघ, आईची तब्येत माझ्यापेक्षा भारी." मलाबी आधी तसंच वाटलं. मंग ध्यानात आलं, की काकू बरं वाटतंय त्या टायमालाच बोट टोचती. चक्कर आली की यंत्र फडताळात. दादाच्या मोबाईलवर जातो तो काकूचा निवडून, पाखडून घेतलेला माल.

काल सकाळी मॅडमचा दिवस व्हता. काकूनं ठेवणीतली हिरवी साडी काढली. केसाला तेल, पदर दोन्ही खांद्यावरनं गच्च. मॅडमनी इचारलं, "आजी, चक्कर वगैरे येते का?"

काकू म्हणली, "छ्या."

तात्या, तुमचाच आवाज.

फोन झाल्यावर तिनं चहा दिला. डाव्या हातानं. काकूनं डाव्या हातानं कधी कुणाला काय दिलंय का? म्हणलं, "काकू, उजवा हात बघू."

"कशाला?"

"भविष्य बघतो. मी शिकलोय."

"तुझं भविष्य बघ आधी," म्हणली, पण मी पदर बाजूला केला. मनगटापासनं कोपरापर्यंत काळंनिळं, फुगलेलं. चतुर्थीचा उपास धरला, साखरेची गोळी मात्र घेतली, आन मोरीत चक्कर येऊन पडली. तशीच उठली, तशीच भाकरी थापली.

"दादाला सांगायला लागंल," मी म्हणलं.

काकूनं हात परत पदराखाली घेतला. "सांग. त्यांचे पाय तू दाखवलेस, आन गाडी आली. आता माझा हात दाखव. म्हणजे मीबी जाते सातव्या मजल्यावर."

चहाचा कप घेऊन मी पडवीत जाऊन बसलो.

इचार केला, तर दोन्ही गोष्टी खऱ्या. काकू लपवत राहिली, तर एक दिवस आशी पडंल की उठायची न्हाई. आन दाखवलं, तर घर सुटतंय. तिला मरणाचं भ्या न्हाई तात्या, लिफ्टचं हाय. आसा सौदा आडला की तुमी काय करायचा? एकाला गोठ्याच्या आडोशाला घ्यायचं, दुसऱ्याला चहाच्या टपरीमागं, आन दोघांनाबी सांगायचं, समोरचा तयार झालाय. मंग दोघंबी तयार व्हत्यात. म्हणलं, हे आपल्याला जमंल. लोकांना बनवायचं शिक्षण मी कुठं अर्धवट सोडलं न्हाई.

आधी काकूला धरलं. "दादाशी बोलणं झालं. तो म्हणतो, आईनं पडल्याचं, उपासाचं, सगळं मॅडमला खरं सांगायचं. मंग तो न्यायचं नाव काढणार न्हाई."

"कवा बोलला?"

"आत्ताच. मेसेज आलाय."

"बघू."

मी मोबाईल पुढं केला. वर आमच्या दुकानाची चार्जरची जाहिरात व्हती. काकूचा चष्मा आत व्हता, ते मी आधीच बघून घेतलं व्हतं. ती मोबाईल लांब धरून लई येळ बघत बसली. मंग म्हणली, "नेणार नसंल, तर सांगंन मी खरं."

एक बाजू झाली. गोठ्यात जाऊन दादाला व्हिडिओ लावला. तो ऑफिसात, गळ्यात आयकार्डाचा पट्टा.

"दादा, काकू आतापासनं सगळं खरं सांगणार. तिची अट एकच, पुण्याला न्यायचं न्हाई."

"खरं म्हणजे? आकडे येतात की मला रोज."

"चांगल्या टायमाचे येत्यात." आन मंग मोरीचं, हाताचं, सगळं सांगितलं. दादा उठला. मला नुसतं छत दिसत व्हतं.

"मी निघतोय. आजच घेऊन येतो तिला."

"ये की. हाडाच्या डॉक्टरकडं न्यायला ये. पुण्याला न्यायला आलास, तर ती हात पदराबाहेर काढायची न्हाई. आन परत पडली, तर मलाबी कळू द्यायची न्हाई."

"पक्या, तुला काय कळतं रे यातलं? दहावीला दोनदा बसलास तू."

"म्हणून तर पक्की झाली. तुझी एकदाच झालीय."

दादा खुर्चीत बसला. हसला न्हाई. म्हणाला, "आई तयार झालीय, असं मला सांगतोस. आणि आईला सांगितलं असशील, मी तयार झालोय."

मी मोबाईल कालवडीकडं फिरवला.

"मी कुणाचा मुलगा आहे? सुट्टीत तात्यांबरोबर बाजारात मी जायचो. तू तेव्हा चड्डीत मुतत होतास. आणि ही चाल मला दाखवतोस?"

पकडला गेलो तात्या. पयल्याच सौद्यात. आता फोन ठेवणार, तेवढ्यात दादा खालच्या आवाजात बोलला, "तात्या काहीच बोलले नाहीत रे. मी गाडीचं दार उघडलं, ते बसले. मला वाटलं, त्यांनाही यायचंय. एकदा जरी नको म्हणाले असते."

म्हणजे बघा. तुमी सातव्या मजल्यावर गप, आन तो तिथंच तुमच्या शेजारी गप. दोघांच्या मधी दलाल नव्हता.

मी म्हणलं, "काकू नको म्हणतीय. मी ऐकलंय."

दादानं गळ्यातला पट्टा काढून टेबलावर ठेवला. मंग म्हणाला, "बरं. नाही नेत. पण दलाल असा मोकळा सुटत नाही. तात्या जामीन राहायचे. विकलेलं जनावर बिघडलं तर शेतकरी आपल्या दारात यायचा, आणि तात्या निस्तरायचे. आकडा पडला की मशीन मला कळवेल. पण मी पोचेपर्यंत दोन-तीन तास जातील. तोवर तिला उचलायला कोण आहे?"

"मी," म्हणलं.

भाव बोलायच्या आधी इचार करावा, हे तुमी शिकवलं व्हतं. पण चाकणच्या कंपनीत माझं ठरलंय, पुढल्या महिन्यात जायचंय, हे मला तोंडातनं "मी" गेल्यावर आठवलं.

दुपारी दादा आला. काकूला घेऊन नारायणगावला गेलो. हाडाला तडा व्हता, प्लास्टर घातलं. तिथनंच दादानं मॅडमना व्हिडिओ लावला, आन काकूनं सगळं सांगितलं. उपास, गोळी, मोरी, चांगल्या टायमाला बोट टोचणं, काय ठेवलं न्हाई. मॅडम म्हणाल्या, "आजी, आता सगळे उपास बंद." काकू म्हणली, "चतुर्थी सोडते. एकादशी ऱ्हाऊ द्या." मॅडम न्हाई म्हणाल्या. काकू म्हणली, "मंग अर्धी." शेवटी ठरलं, की एकादशीच्या आदल्या दिवशी मॅडमला फोन करायचा, गोळीचं त्या सांगतील, आन काकूनं भगर पोटभर खायची. तुमी उगाच बाजारात जायचा तात्या. खरी घासाघीस करणारी घरात व्हती.

येताना नारायणगावच्या चौकात गाडी आली, तवा काकूनं चांगल्या हातानं पुढची सीट धरली. हितनं एक रस्ता पुण्याला जातो ना. दादानं आरशात बघितलं, आन गाडी घरच्या रस्त्याला, आळेफाट्याकडं घेतली. काकूनं हात सोडला आन मागं टेकली.

चाकणला आज सकाळी फोन करून कळवलं, येत न्हाई. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? नव्या बुटासकट तयारी झाली व्हती. काकूला ह्यातलं म्हाईत न्हाई, आन तुमी बोलणार न्हाई ह्याची खात्री हाय.

आता शब्द देतो, तो नीट ऐका. रात्री मी काकूच्या पडवीत झोपंन, आन काकूनं हाक मारली तर पयला मी उठंन. मी काय जल्मभर हितंच ऱ्हाईन आसं म्हणत न्हाई, तसा शब्द खोटा व्हईल. पण जायची येळ आली, तर हाकेला ओ देणारं माणूस माझ्या जागी उभं केल्याशिवाय गाव सोडणार न्हाई. आन कवा तिला न्यायचीच येळ आली, तर ती गाडीत बसायच्या आधी मी तिला सगळ्यांदेखत मोठ्यानं इचारंन, "काकू, जायचंय का न्हाई?" ती सोताच्या तोंडानं बोलस्तवर मी कुणाला दार लावू देणार न्हाई.

तुमचा पुतण्या, आन कालपासनं जामीनदार,

पक्या